कागद दाखव, म्हणायचास

प्रदीप,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये डिकीत पिशव्या ठेवत होते. तुझी बायको असूनही कल्पनाचा आवाज इतका सपाट होता की मला आधी वाटलं, ती कुणाच्या तरी फ्लाइटबद्दल सांगतेय. "सकाळी कामावर निघाला होता. बूट घालत होता. घरमालकानं पाहिलं," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि माझ्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. ती तुला होती. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर घेतली.

दहा दिवस झाले त्याला. रडायचं ते मी पहिल्या दोन दिवसांत रडून घेतलं. मग उरला तो राग, आणि तो कमी व्हायचं नाव घेत नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक एकेक करून उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. शांत स्वभावाचा, तत्त्वाचा माणूस, कुणाचं मन न दुखावणारा. मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. कल्पनानं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. जे बोलायचं होतं ते त्या सभागृहात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे बोलतेय.

सहा वर्षं आपण एका गाडीनं कामावर गेलो. फ्लॅट बुश या उपनगरात तुझं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी पुण्याहून या देशात आले तेव्हा मोटरवेवर गाडी घालायची माझी छाती होत नव्हती. तू शेजारी बसायचास आणि म्हणायचास, "जा ना बाप्पा, काहून थांबून राहिली? मागचा थांबते तुझ्यासाठी, तू फक्त दिसली पाहिजे त्याला." तीन आठवड्यांत मी शिकले. हे उपकार मी नाकारत नाही. तुझ्यावर चिडणं म्हणूनच इतकं अवघड आहे.

पापाकुराचं आपलं कॉलेज लहान होतं. सुतारकाम, गाड्यांची दुरुस्ती, तुझं इलेक्ट्रिकल, वृद्धसेवेचा कोर्स आणि शाळा अर्धवट सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा इंग्रजी-गणिताचा वर्ग. मी तिथली प्लॅनिंग मॅनेजर. पुढच्या वर्षी काय चालेल, काय बंद होईल, कुठली खोली कुणाला मिळेल, हे मी मांडायचं. आणि ते मंजूर करायचं ते नियोजन समितीनं. समितीत मॅनेजमेंटची माणसं होती, शिकवणाऱ्यांनी निवडून दिलेली होती, दोन विद्यार्थीही होते. समितीच्या सहीशिवाय माझा कुठलाही आराखडा हेड ऑफिसला जायचा नाही. आणि तू त्या समितीचा निवडून आलेला अध्यक्ष.

इतर ठिकाणी असल्या समित्या बिस्किटं खाऊन उठतात. तू ती खरी चालवलीस, हे मान्य. मीटिंग कराकियानं, म्हणजे माओरी प्रार्थनेनं, सुरू व्हायची, आणि मग तू चष्मा लावून मागच्या मीटिंगचं इतिवृत्त ओळ न् ओळ वाचायला लावायचास. लोक वैतागायचे. मीसुद्धा. एकदा मी गाडीत विचारलं, "तुला कंटाळा नाही येत?" तेव्हा तू तुझ्या वडिलांबद्दल सांगितलंस. नागपुरात ते शाळेत शिपाई होते. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचे. आत काय ठरलं ते त्यांना घंटा वाजवायला सांगितलं की कळायचं. एकदा आत त्यांच्याच बदलीचं ठरलं, आणि चहा आत नेऊन दिला तो त्यांनीच. "म्हणून मला सगळं वाचून पाहिजे," म्हणालास. "मोठ्यानं. सगळ्यांसमोर."

त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. पुढे त्याच गोष्टीनं आपलं वाटोळं केलं.

सेला आठवते? टोंगा बेटांवरची, पन्नाशीची, बसड्रायव्हर. संध्याकाळच्या वर्गाची विद्यार्थिनी आणि समितीतली विद्यार्थी प्रतिनिधी. पहिल्या मीटिंगला ती तासभर गप्प बसली होती. मी वर्गाची वेळ साडेपाचची मांडली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तू म्हणालास, "सेला काही बोललेली नाही." मी घड्याळाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी बोलले तर मीटिंग लांबेल." तू पेन खाली ठेवलंस. "लांबू दे." मग तिनं सांगितलं की डेपोत बस लावून यायला तिला सहा वाजतात, आणि वर्गातली निम्मी माणसं तिच्यासारखीच शिफ्टवाली आहेत. वेळ सव्वासहाची झाली. त्या टर्मला वर्गात बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. माझ्या एक्सेल शीटमध्ये जे दिसलं नसतं ते तू पेन खाली ठेवून मिळवलंस. परतताना मी तुला तसं म्हणालेही. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "हीप्स ऑफ टाइम आहे आपल्याकडे. लोकांना उगाच घाई असते."

वेळ भरपूर नव्हता, प्रदीप.

आता ते पत्र. तुझ्याशी मी याबद्दल एकदाही सरळ बोलले नाही, म्हणून आता सगळं सांगते.

हेड ऑफिसचं पत्र आलं ते दोघींच्या नावानं, आमची डायरेक्टर लिन आणि मी. पापाकुरानं स्वतःचा खर्च कमी करण्याचा आराखडा समितीच्या मंजुरीसह या सेमिस्टरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाठवावा. न पाठवल्यास संपूर्ण कॅम्पस बंद करण्याच्या यादीत जाईल. वर लाल अक्षरांत 'गोपनीय'. लिननं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मेधा, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. बाहेर फुटलं तर विद्यार्थी उद्याच दुसरीकडे जातील, आणि मग वाचवायला काही उरणार नाही." मला ते पटलं. आजही निम्मं पटतं.

मी आराखडा केला. सुतारकामाची वर्कशॉप बंद, संध्याकाळचा वर्ग दुसऱ्या कॅम्पसला, सात जणांच्या नोकऱ्या जाणार, बाकी सगळं वाचणार. पंधरा दिवस मला धड झोप नव्हती. ते सातही जण माझ्या ओळखीचे होते. समितीसमोर मांडला तेव्हा तू तो दोनदा वाचलास आणि विचारलंस, "यात 'आवश्यक' हा शब्द अकरा वेळा आहे, मेधा मॅडम. कारण एकदाही नाही. आवश्यक कशामुळे?"

"एकूण परिस्थितीमुळे."

"कोणती परिस्थिती? कागद दाखवा ना."

समितीनं आराखडा सगळ्या स्टाफच्या मतांसाठी पाठवला. नियमानुसार तीन आठवडे. मतं आली, ती मी उत्तरांसकट परत मांडली. तू पुन्हा म्हणालास, कारण कुठंय? पुन्हा तीन आठवडे. मी लिनकडे गेले, म्हटलं, निदान अध्यक्षाला सांगू दे. ती नाही म्हणाली. मी तिथेच अडून बसायला हवं होतं. नाही बसले.

आणि मग ती सकाळ. शेवटच्या मीटिंगचा दिवस. मी गाडी चालवत होते. मी म्हटलं, "प्रदीप, आज सही कर. कारण विचारू नकोस. माझ्यावर विश्वास ठेव."

तू मांडीवरची फाइल मिटलीस. मग म्हणालास, "तुमच्या घरात विश्वास मागितला की मिळतो, मेधा. माझ्या बापानं आयुष्यभर ठेवला. स्टुलावर बसून."

"तू यात जात आणू नकोस."

"मी कुठं आणून राहिलो? ती तर आधीपासूनच बसली आहे गाडीत."

मी पापाकुराच्या अलीकडे, टाकानिनीला मोटरवे सोडला, स्टेशनसमोर गाडी थांबवली आणि म्हटलं, "उतर." तू उतरलास. दार हळूच लावलंस, नेहमीसारखं. एकाच स्टेशनाचं अंतर, पण मीटिंगला वीस मिनिटं उशिरा आलास. सगळ्यांची माफी मागितलीस, ट्रेन चुकली म्हणालास, आणि माझं नाव घेतलं नाहीस.

मी खोटं बोलत नव्हते, आणि तू मला त्या खोलीतल्या हेडमास्तरांच्या ओळीत नेऊन बसवलंस. सहा वर्षं शेजारी बसून, माझ्या आईच्या हातचं थालीपीठ खाऊन, माझं घर स्वतःचं समजून. याचा राग मला अजून येतो. पण हेही लिहिते, की तुझं वाक्य मला लागलं ते त्यात काही खोटं नव्हतं म्हणून. मी खरोखरच असं गृहीत धरलं होतं की मी म्हटलं की पुरे. तसं गृहीत धरायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ते होतंच.

त्या मीटिंगमध्ये पत्र माझ्या बॅगेत होतं, लॅपटॉपच्या खाली. मी हात घालून काढलं असतं तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. मला भीती होती. आईबाबांचा इकडे कायमचं राहायचा व्हिसा माझ्या नोकरीवर अडकलेला होता, आणि गोपनीय पत्र फोडणारीची नोकरी राहत नाही. सेला म्हणाली, "मेधाला काहीतरी सांगायचंय असं वाटतंय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तूही. मी म्हटलं, "नाही, माझं मांडून झालंय." मतदान झालं. आराखडा तिसऱ्या फेरीसाठी परत गेला. शुक्रवार आला आणि गेला.

पुढच्या बुधवारी ईमेल आला. चार परिच्छेद. पापाकुरा कॅम्पस वर्षअखेर बंद. कुणाचं मत मागितलं नव्हतं, कुठली फेरी नव्हती, कुणाच्या सहीला जागाच नव्हती. सात जणांऐवजी सगळे गेले. तुझी ती ओळ न् ओळ वाचलेली इतिवृत्तं एका मोठ्या पेटीत भरून कुठे गेली, मला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी तू वर्कशॉपमधल्या मुलांना टेस्टर आणि पक्कडी वाटत होतास. मी दारात उभी राहिले. तू इथल्या माओरी पद्धतीनं नमस्कार केलास, "किआ ओरा, मॅडम." मी म्हटलं, "झालं समाधान?" एवढंच. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी तुझ्याशी समोरासमोर बोललेलं ते शेवटचं वाक्य.

मला सिटीत नोकरी लागली, दोन महिन्यांत. तुला इथं मिळेना. पन्नाशी उलटलेल्या ट्यूटरला कोण घेणार? तू क्राइस्टचर्चला हॉर्नबीत एका पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेलास. कल्पनाची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी इथं, मुलीचं, मैत्रीचं, शाळेचं शेवटचं वर्ष इथं, म्हणून एकटाच. कुणाच्या तरी घरातली मागची खोली. जूनमध्ये तुझा मेसेज आला: 'पुढल्या महिन्यात येतो. चहा पिऊ. भांडायला नाही.' मी तो वाचला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तुला दिसल्या असतील. मी उत्तर दिलं नाही. तुला अजून थोडं झुरू द्यावं असं मला वाटत होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

सेला अजून बसच चालवते. ऑफिसमध्ये बसायची नोकरी मिळावी म्हणून शिकत होती. गेल्या महिन्यात पापाकुरा स्टेशनबाहेर मला दिसली, तिनं बसमधून हात केला. मी हात केला, पण त्या बसमध्ये चढले नाही. पुढच्या बसनं गेले.

आता तुझ्या कार्यक्रमाचं सांगते. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली, जेवणं झाली. लोक पांगले. सभागृहामागच्या किचनमध्ये कल्पना पातेली घासत होती, कुणाचं ऐकत नव्हती. मी पदर खोचून तिच्या शेजारी उभी राहिले आणि विसळायला लागले. मैत्री टी-टॉवेलनं पुसत होती. तुझी मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झालीय. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

ती एकदम म्हणाली, "आन्टी, वॉज देअर अ लेटर?"

माझ्या हातातलं ताट सिंकमध्ये पडलं.

"कसलं लेटर?" मी म्हटलं. आणि लगेच स्वतःचीच किळस आली. म्हणून म्हटलं, "हो. होतं. माझ्याकडे होतं."

कल्पना घासायची थांबली नाही. पातेल्याच्या बुडावर काथ्या फिरवत म्हणाली, "माहीत आहे."

"काय?"

"त्यालाही माहीत होतं. हेड ऑफिसचा कुणीतरी माणूस फोनवर बोलता बोलता बोलून गेला, 'पत्रात लिहिल्याप्रमाणे.' घरी येऊन मला म्हणाला, पत्र आहे, मेधाकडे आहे. मी म्हटलं, मग सरळ तिचं नाव घेऊन विचार ना. तर म्हणे, 'चार वेळा मागितलाय मी कागद. आता पाचव्यांदा नाही. ती स्वतःहून ठेवेल टेबलावर. तू बघ.'"

नळ तसाच चालू होता.

तुला माहीत होतं! प्रदीप, तुला माहीत होतं आणि तू त्या टेबलाशी बसून माझ्याकडे बघत राहिलास! तिसऱ्या फेरीसाठी हात वर केलास! मी घाबरट होते, ते मी कबूल करते, पण तू काय करत होतास? माझी परीक्षा घेत होतास? वेळ संपत आलीय हे ओळखायला तुला काय पत्रच हातात हवं होतं? सेलाचा वर्ग, वर्कशॉपची मुलं, तुझी स्वतःची नोकरी, सगळं पणाला लावलंस, तेही कशासाठी, तर मेधानं स्वतःहून बॅग उघडावी म्हणून. आणि म्हणे तत्त्वाचा माणूस!

हे सगळं मी मनात म्हणाले असं मला वाटलं. पण मी मोठ्यानं बोलत होते. सभागृहात खुर्च्या रचणारे दोघं दारातून डोकावून गेले. मी गप्प झाले, तोंडावर ओला हात ठेवला, म्हटलं, "कल्पना, सॉरी. आजच्या दिवशी मी..."

तिनं पातेलं खाली ठेवलं. "बोल ना," ती म्हणाली. "बोल. सकाळपासून सगळे त्याला देव करून राहिलेत. मला कुणाजवळ चिडता येऊन नाही राहिलं." आणि मग तिनं सुरुवात केली. छातीत दुखतंय हे दोन आठवडे तिला सांगितलं नाहीस म्हणून. तिथल्या डॉक्टरची वेळ घेतो म्हणालास आणि घेतली नाहीस म्हणून. हॉर्नबीला जाऊ नको, इथं काहीही कर, दुकानात उभा राहा, असं ती पाया पडून म्हणाली तेव्हा तू "माझ्या कामात मला मान पाहिजे" म्हणालास म्हणून. "मान!" ती म्हणाली. "मी त्याचे कपडे आणायला गेले तिकडे. खोलीत एक खुर्ची नव्हती बसायला. पलंगावर बसून जेवत होता माणूस. हा मान!"

मी म्हटलं, "हट्टी होता."

"गाढव होता," ती म्हणाली.

"तूच सांग, पत्र मागायला काय झालं होतं त्याला?"

"आणि द्यायला तुला काय झालं होतं?" कल्पनानं माझ्याकडे वळून विचारलं. तिचा आवाज चढला नाही. "तुला सोडून नाही राहिले मी, मेधा. तुझंही बोलायचं आहे मला. पण तुझ्याशी बोलायला वेळ आहे. तू आहेस."

मी मान हलवली. पाण्याची वाफ खिडकीवर जमली होती आणि बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. आम्ही दोघी पुन्हा तुझ्यावर घसरलो. तुझं ते "लांबू दे", तुझा तो चष्मा, घरातसुद्धा किराणाची यादी मोठ्यानं वाचायची सवय, दार हळूच लावायची सवय, की भांडलाय की नाही तेच समोरच्याला कळू नये. कल्पना एकदा हसली. मग हुंदका आला, तरी बोलायची थांबली नाही. मीही थांबले नाही. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा मला नीट श्वास घेता येत होता.

मैत्री टी-टॉवेल घेऊन तशीच उभी होती. कितीतरी वेळ तेच एक ताट पुसत होती. आम्ही तिला विसरलोच होतो.

ती म्हणाली, "कॅन आय गो नेक्स्ट?"

कल्पनानं नळ बंद केला. मी तिच्यासाठी एक स्टूल ओढलं, पण ती बसली नाही. ताट ओट्यावर ठेवलं आणि सुरुवात केली. आम्ही दोघी मधे बोललो नाही.

ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिनं तुलाच सांगितलंय.